निळं झुरळ

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता चिकट्याने गाडीवरचं झुरळ काढून टाकलं, आणि सव्वापाच वाजता ते तिथेच होतं.

काढलं होतं हे खरं. पुरावा म्हणून त्याच्या पायाशी स्टिकरच्या तुकड्यांचा ढीग पडला होता, त्यात दोन मिशा आणि दीड पाय सहज ओळखू येत होते. गरम हवेचं मशीन धरून, प्लॅस्टिकच्या पट्टीने एकेक कोपरा उचलत, नखं झिजवत त्याने अख्खी दुपार घालवली होती. मग रॉकेलच्या फडक्याने गोंद पुसला, साबणाच्या पाण्याने रॉकेल पुसलं, कोरड्या फडक्याने पाणी पुसलं आणि दोन पावलं मागे येऊन पाहिलं. अकरा वर्षं उन्हात उभी राहून गाडी शंभरदा धुतलेल्या शर्टासारखी विटली होती. स्टिकरच्या खाली मात्र ऊन पोचलंच नव्हतं. तिथला रंग कारखान्यातून निघाला त्या दिवशीचा होता. म्हणजे आधी फिकट गाडीवर तपकिरी झुरळ चिकटवलेलं होतं, आणि आता फिकट गाडीत गडद निळं झुरळ मुरलेलं होतं. मिशीच्या टोकापासून मागच्या पायाच्या काट्यापर्यंत चार फूट. त्याच्या खाली, त्याच निळ्यात, वीतभर अक्षरांत: एकही उरणार नाही.

गाडीच्या उजव्या बाजूलाही असंच एक झुरळ होतं. कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून की काय, चिकट्याने तेही दुपारीच सोलून ठेवलं होतं.

त्याला चिकट्या म्हणत ते त्याच्या धंद्यावरून. दुकानांच्या काचा, ट्रकचे दरवाजे, दवाखान्यांच्या पाट्या, जे सपाट दिसेल त्यावर तो स्टिकर लावायचा. लावून देतो, काढून देत नाही, असं गिऱ्हाइकाला आधीच सांगायचा. दहा वर्षांची गॅरंटी द्यायचा आणि आजवर एकही माणूस तक्रार घेऊन परत आला नव्हता. हे झुरळही त्याचंच. अकरा वर्षांपूर्वी कीटकनाशकवाल्या मालकाने ऑर्डर दिली तेव्हा चिकट्या नवखा होता. नमुना म्हणून मालकाने काड्यापेटीतून एक मेलेलं झुरळ आणून दिलं होतं. चिकट्याने भिंग लावून त्याच्या पायांवरचे काटे मोजले, मोठ्या कागदावर चित्र काढलं आणि सगळ्यात महागडा व्हिनाइल कापून दोन्ही बाजूंना बसवला. एकही बुडबुडा आला नाही. त्यानंतर त्याने पुष्कळ कामं केली, पण तसं पुन्हा जमलं नाही. त्याचा फोन उघडला की पहिला फोटो झुरळाचा यायचा. भाचीच्या बारशाचे फोटो त्याच्या बरेच खाली होते.

आता तीच गाडी त्याच्या थोरल्या बहिणीने ब्रेड पोचवायला घेतली होती.

म्हणजे त्यानेच घ्यायला लावली होती. मालक धंदा बंद करून गाडी काढतोय हे त्याला कळलं, आणि ताईला त्याच आठवड्यात गाडीची नड होती. ताईने विमा कंपनीतली नोकरी सोडून घराच्या गॅरेजात भट्टी लावली होती. मोठ्या इस्पितळाच्या कँटीनला रोज तीनशे ब्रेड लागतात, ते आपण पुरवायचे, हा तिचा बेत. कँटीनच्या मॅनेजरबाईंनी तिचा ब्रेड खाल्ला, चांगला आहे म्हणाल्या, आणि परत पाठवला. कारण तो भावजींच्या मोटारीच्या डिकीतून, स्टेपनीच्या शेजारी बसून आला होता. बंद गाडी आणा, मग बोलू, असं बाईंनी सांगितलं. शुक्रवारी सकाळी नऊला त्या स्वतः भट्टी, कोठार आणि गाडी बघायला येणार होत्या. तिसरी संधी नाही, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. शुक्रवारी त्या नाही म्हणाल्या तर ताई भट्टी विकून विमा कंपनीत परत जाणार होती, आणि तिथे तिच्या खुर्चीत आता तिनेच कामाला लावलेली बाई बसत होती.

गाडी आतून झकास होती. मालक औषधं आपल्या जीपमधून न्यायचा, ही गाडी फक्त शिड्या आणि माणसं वाहायची. तरी ताईने ती तीनदा धुतली आणि आत कोरा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मारून घेतला. तिथे जमिनीवर पोळी लाटली असती तरी चाललं असतं. प्रश्न बाहेरचा होता, आणि बाहेरचं एका दुपारचं काम आहे असं चिकट्या छातीठोकपणे म्हणाला होता.

वरून दुसरं काहीतरी चिकटवून टाक, असं कुणीही म्हणेल. भावजी म्हणालेच. पण इस्पितळाने दिलेल्या नियमांच्या यादीत सातवा नियम होता: गाडीच्या बाहेरच्या अंगाला काहीही चिकटवलेलं नसावं. पूर्वी कुणी दूधवाल्याने गंजून पडलेलं भोक हसऱ्या गाईच्या स्टिकरखाली लपवलं होतं म्हणे. पेंटरला विचारलं तर त्याने पूर्ण रंगकामाला दहा दिवस सांगितले. मग भावजींनी अक्षरांकडे बघत एक शांत सूचना केली, की झुरळ घालवा, पण खालचं वाक्य ब्रेडच्या धंद्यालाही शोभतं, ते राहू द्यायला हरकत नाही. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. ते घरात निघून जाईपर्यंत बघत राहिली.

मंगळवारी चिकट्या रंगाच्या दुकानात गेला. दुकानदार म्हातारा होता आणि त्याला विषयाची आवड होती. विटलेला रंग म्हणजे मेलेली कातडी, तो चिकट्याला सांगायला लागला. ती कंपाउंडने, म्हणजे बारीक खरखरीत मलमाने, घासून काढली की खाली जिवंत रंग असतो, आणि तो झाकलेल्या रंगाशी जुळतो. फक्त मेलेल्यावर घासा, जिवंताला हात लावू नका, आणि पत्र्याला जिथे घडी आहे तिथे रंग पातळ असतो, तिथे तर मशीन नेऊच नका. हे सगळं उत्तम होतं. पण चिकट्या ‘खाली जिवंत रंग असतो’ इथेच डबा उचलून गल्ल्याकडे वळला होता, त्यामुळे पुढचं त्याच्या पाठीने ऐकलं.

भाड्याचं बफिंग मशीन आणून त्याने डावी बाजू घासायला घेतली. स्टिकरच्या धंद्यात एक गोष्ट हाताला लागलेली असते: जे करायचं ते सगळीकडे सारखं. एका जागी जोर, एका जागी हलकं, असं केलं की बुडबुडा येतो. त्याने सहा तास या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरून खाली, अगदी इमानदारीत सारखं घासलं. मशीनचं फोम निळं झालं, त्याचे हात कोपरापर्यंत निळे झाले, एक भुवई निळी झाली. गाडीचा रंग खरोखरच उजळला. विटका पांढुरका थर जाऊन चांगला आकाशी निळा बाहेर आला.

आणि झुरळही उजळलं. गाडी एक पायरी वर आली तशी तेही एक पायरी वर गेलं. सोमवारी ते नुसतं झुरळ होतं, मंगळवारी ते तेल लावून तालमीतून आलेलं झुरळ होतं. त्याच्या पाठीवर समोरच्या घराची खिडकी दिसत होती.

ताई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि उभी राहिली.

“तू झुरळालापण पॉलिश केलंस?”

“सगळीकडे सारखं करावं लागतं.”

“का?”

या प्रश्नाला बारा वर्षांत कुणी हात घातला नव्हता. चिकट्याने मशीनकडे बघितलं. ताईने विचारलं की जे घालवायचं आहे त्याला चमकवायचं हे कुठल्या शास्त्रात बसतं, आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन तिने कणकेचा गोळा ओट्यावर असा आपटला की बाहेर भावजी दचकले.

बुधवारची कल्पना भावजींची होती. ते शाळेत भूगोल शिकवायचे, आणि सूर्याशी आपली घरोब्याची ओळख आहे असं त्यांना वाटायचं. त्यांचं म्हणणं असं की आपण उलट दिशेने जातोय. गाडी झुरळाइतकी गडद करण्यापेक्षा झुरळ गाडीइतकं फिकट करावं. गाडी फिकट कशाने झाली? उन्हाने. मग गाडी झाकायची, झुरळ उघडं ठेवायचं आणि उन्हात उभं करायचं. ऐकायला हे इतकं सरळ होतं की चिकट्याला स्वतःचाच राग आला. अकरा वर्षांचं ऊन दोन दिवसांत कसं पडेल, अशी शंका त्याने काढली, तेव्हा भावजी म्हणाले, आरसे.

चिकट्याने व्हिनाइलचा मोठा तुकडा घेतला आणि त्यातून झुरळाच्या आकाराचं भोक कापलं. मोजमाप घ्यावं लागलं नाही, हाताला पाठ होतं. एकेक काटा नीट कापला. तो गाडीवर लावला, उरलेल्या जागेवर वर्तमानपत्रं आणि चिकटपट्टी लावली. दोन कपाटांचे आरसे आणि एक न्हाव्याकडून मागून आणलेला असे तीन आरसे जमले. भावजींनी शाळेला दांडी मारली, आणि गाडी रस्त्याच्या कडेला उन्हात लावून दोघं सकाळी दहापासून झुरळावर ऊन पाडत उभे राहिले. दोघांना तीन आरसे धरायचे होते, त्यामुळे तिसरा भावजींनी गुडघ्यांत धरला. रस्त्याने जाणारी माणसं थांबायची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली गाडी बघायची, मधलं लखलखतं झुरळ बघायची आणि काही न विचारता पुढे जायची.

दीड वाजता चिकट्याच्या मानेचं सालटं निघायला आलं तेव्हा त्याने हिशेब विचारला. भावजींनी तोंडी केला. अकरा वर्षं म्हणजे चार हजारांवर दिवस. तीन आरशांचं ऊन आणि मूळचं ऊन मिळून चौपट धरू. म्हणजे एक हजार दिवस. शुक्रवारला दोन उरलेत.

“मग आपण काय करतोय, भावजी?”

“सुरुवात,” भावजी म्हणाले.

संध्याकाळी झाकण काढलं. झुरळ तसूभरही फिकं झालं नव्हतं. उलट दिवसभराच्या तापाने व्हिनाइलचा गोंद वितळून कडेकडेने उतरला होता, आणि झुरळाभोवती आता एक चिकट, चकाकती किनार आली होती. आधी झुरळ होतं, मग चमकतं झुरळ झालं, आता त्याला प्रभावळ आली.

ताई या वेळी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तिन्ही आरसे आत नेले, त्यातल्या एकात स्वतःकडे क्षणभर बघितलं, आणि पायरीवर येऊन बसली. भावजींना न्हाव्याचा आरसा परत द्यायची एकदम आठवण झाली.

“तुला ते जायला नकोय,” ताई म्हणाली.

चिकट्या म्हणाला, असं काही नाही. तीन दिवस घासतोय, भाजून निघालोय, नखं गेली, अजून काय करायचं असतं.

“सोमवारी तू ते काढलंस तेव्हा आधी फोटो काढलास. काल घासलंस तर ते जास्त छान झालं. आज भोक कापलंस तर एकेक काटा कापलास. चौकोन कापला असतास तरी चाललं असतं. बाकी गाडीवर तुझा हात असा फिरतो का बघ.” ती थांबली. “मी माझी नोकरी सोडून बसलेय रे. तू एक झुरळ सोडायला तयार नाहीस.”

ती आत गेली. चिकट्याच्या मनात तीनचार चोख उत्तरं आली आणि सगळी एकेक करून कोसळली. फोटो खरंच काढला होता. तोही दोन बाजूंनी.

गुरुवारी सकाळी तो पुन्हा रंगाच्या दुकानात गेला आणि म्हाताऱ्यासमोर उभं राहून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. मग घरी येऊन उलटं काम सुरू केलं. झुरळाच्या आकाराचा पातळ टेप कापून त्याने नेमकं झुरळच झाकलं, म्हणजे जिवंत रंगाला हात लागणार नाही. प्रभावळ रॉकेलने उतरवली. मग बाहेरचा रंग घासायला घेतला, टेपच्या कडेपर्यंत, थोडा थोडा, दर दोन मिनिटांनी टेप उचलून आतला रंग आणि बाहेरचा रंग शेजारी शेजारी ठेवून बघत. पायांच्या बेचक्यांत मशीन जात नव्हतं, तिथे बोटाला फडकं गुंडाळून हाताने घासलं. अक्षरांभोवतीही तसंच, एकेका कान्याभोवती, एकेका मात्रेखाली.

आणि ते चाललं. अकरा वाजता झुरळाचं पोट गाडीत विरघळलं. बारा वाजता पंख कुठे संपतात आणि गाडी कुठे सुरू होते ते सांगता येईना. एक वाजता खालचं वाक्य गेलं. चिकट्याला आपण काय करतोय ते फार जाणवू नये म्हणून तो फक्त एकेका काट्याकडे बघत होता, पण तेच तर अडचणीचं होतं, कारण प्रत्येक काटा त्याच्या ओळखीचा होता. मागच्या डाव्या पायाचा चौथा काटा अकरा वर्षांपूर्वी कापताना दोनदा चुकला होता आणि तिसऱ्यांदा जमला होता. तोही गेला. दुपारी तीनला ताईने चहा आणून दिला आणि गाडीकडे बघून काही बोलली नाही. तीन दिवसांत हे पहिल्यांदा झालं होतं.

चार वाजता फक्त डाव्या मिशीचं टोक उरलं. बोटभर लांब. आणि ते पत्र्याच्या घडीवर होतं.

चिकट्याने सकाळी नीट ऐकलं होतं. घडीवर मशीन न्यायचं नाही, हे त्याला पाठ होतं. त्याने हाताने घासलं. टोक थोडं पुसट झालं. आणखी घासलं, आणखी पुसट झालं. डोळे बारीक केले तर दिसत नव्हतं, पण मॅनेजरबाई डोळे बारीक करून बघतील याची खात्री नव्हती. त्याला वाटलं मशीनचा एकच हात, अगदी हलका, नुसता टेकवायचा. त्याने टेकवला. फोमवर निळा रंग आला, मग आणखी निळा आला, मग राखाडी आला.

मिशीचं टोक पूर्ण गेलं. त्याच्या जागी तळहाताएवढा राखाडी डाग होता. रंग संपून खालचा प्रायमर वर आला होता.

तो गाडीला टेकून खाली बसला. वाटलं की एक छोटासा गोल कापावा, निळ्या व्हिनाइलचा, कुणाला कळणारही नाही. त्याने तसं बोलूनही दाखवलं. ताईने फक्त हवेत बोटाने सातचा आकडा काढून दाखवला. तेव्हा भावजी शाळेतून परत आले, डाग पाहिला, आणि विचारलं की उजव्या बाजूचं काय ठरलं.

उजव्या बाजूचं काहीच ठरलं नव्हतं. सोमवारपासून कुणी तिथे फडकंही लावलं नव्हतं. तिथे विटक्या गाडीवर गडद झुरळ, वाक्यासकट, जसंच्या तसं होतं. एका बाजूला चार दिवस लागले होते आणि आता हातात एक संध्याकाळ होती. शेवटी तिघांनी मिळून ठरवलं की गाडी उजव्या बाजूने भिंतीला खेटून लावायची. वीतभरसुद्धा जागा ठेवायची नाही. बाई काही भिंतीतून येणार नाहीत.

शुक्रवारी बाई नऊला पाच कमी असताना आल्या. बुटक्या, हातात यादी, कानामागे पेन. त्यांनी भट्टीत डोकं घातलं, पिठाच्या पिंपात हात घातला, कोठाराच्या फळीवरून बोट फिरवून बोटाकडे बघितलं. ताजा ब्रेड मधोमध फोडून वास घेतला आणि अर्धा खाऊन टाकला. ताईच्या चेहऱ्यावर रंग आला. मग बाई गाडीपाशी आल्या. डाव्या बाजूवरून नजर फिरवली, राखाडी डागावर नख खरवडून बघितलं, गंज आहे का विचारलं. नाही, प्रायमर आहे, असं चिकट्याने सांगितलं. बाईंनी यादीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, आतून दाखवा.

ताईने चिकट्याकडे बघितलं. चिकट्याने भावजींकडे बघितलं. भावजींनी सूर्याकडे बघितलं.

गाडीचं मागचं दार मालकाने शिडीच्या चौकटीसाठी कधीच बंद करून टाकलं होतं. माल चढवायला एकच सरकतं दार होतं, आणि ते उजव्या बाजूला होतं. गेले चार दिवस तिघंही त्या दारातून आत-बाहेर करत होते. काल संध्याकाळी, गाडी भिंतीला लावताना, तिघांनी एकमेकांना ‘अजून जवळ, अजून जवळ’ असं सांगितलं होतं.

दुसरा इलाज नव्हता. ताई डाव्या दाराने शिरून गाडीत बसली आणि तिने ती हळूहळू भिंतीपासून बाहेर काढली. आधी एक मिशी आली. मग दुसरी. मग डोकं, पंख, एकेक पाय, आणि सगळ्यांच्या खालून सरकत, सावकाश, एकही उरणार नाही.

बाईंनी झुरळ पाहिलं. दार उघडलं, आतला कोरा पत्रा पाहिला, हात फिरवला, दार लावलं, आणि पुन्हा झुरळ पाहिलं. जवळ जाऊन पाहिलं.

“हे कुणाचं काम?”

ताई म्हणाली, आधीच्या मालकाचं. ते कायद्याने बरोबर होतं, आणि तिथेच थांबायला हरकत नव्हती.

“माझं,” चिकट्या म्हणाला.

ताईने डोळे मिटले.

बाई सावकाश म्हणाल्या की वीस वर्षं त्या कँटीन सांभाळतायत, पण पायावरचे काटे इतक्या जवळून कधी पाहायला मिळाले नव्हते. “खरं झुरळ निदान दिवा लावला की पळून जातं,” त्या म्हणाल्या. “हे माझ्या फाटकातून रोज सकाळी आत येणार. वॉर्डाच्या खिडक्यांखालून. पेशंट उठून बसलेले असतात त्या वेळी.”

मग त्यांनी यादीवर सही केली. ब्रेड चालेल. भट्टी चालेल. गाडीचं आतलं अंग चालेल. दोन्ही बाजू एका रंगाच्या होईपर्यंत गाडी फाटकाच्या आत येणार नाही, बाहेरच्या रस्त्यावर उभी राहील. तिथून कँटीनपर्यंत झाकलेले ट्रे हाताने आणायचे. सोमवारपासून, साडेसहाला. पंधरा दिवस बघू. कुणी आणायचे ते तुम्ही ठरवा, असं म्हणून बाईंनी उरलेला अर्धा ब्रेड पिशवीत टाकला आणि गेल्या.

ठरवायला काही वेळ लागला नाही. ताई चिकट्याकडे बघतच होती.

“तोंड बंद ठेवायला काय झालं होतं तुला?”

त्याने खूप विचार केला, कारण त्यालाही ते जाणून घ्यायचं होतं. शेवटी म्हणाला, माहीत नाही. ताईला इतका राग आला होता की तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा पुन्हा राग आला.

तीस ट्रे. प्रत्येकात दहा. फाटकापासून कँटीनपर्यंत भावजींनी मोजलेली दोनशे सत्तर पावलं, त्यात सात पायऱ्या. एका माणसाला एका वेळी एकच ट्रे. भावजींना शाळा असल्याने ते दहा ट्रे उचलत आणि शेवटच्या ट्रेनंतर घड्याळ दाखवून पळत. वीस चिकट्याच्या वाट्याला येत. मंगळवारी त्याच्या खांद्यात कळ आली, बुधवारी कमरेत उतरली, गुरुवारी ती कुठे आहे हे शोधण्यात अर्थ उरला नाही. त्यातून दुकान उघडायला रोज दहा वाजायचे, आणि एका दंतवैद्याच्या काचेवरचा दात तीन दिवस तसाच अर्धा लटकत राहिला होता.

मशीन परत करून झालं होतं. ताई आत पावतीवर सही घ्यायला जायची तेवढी वीस मिनिटं त्याला मिळायची. त्या वीस मिनिटांत तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून कंपाउंडच्या डब्यात फडकं बुडवायचा आणि हाताने घासायचा. एका दिवसात एक पाय व्हायचा. घडीच्या जवळ तो गेला नाही. मिशा शेवटी ठेवल्या होत्या, आणि तिथे पोचल्यावर काय करायचं याचा विचार करायचं त्याने टाळलं होतं.

फाटकावरच्या रखवालदाराला या गाडीला आत सोडू नको असा लेखी हुकूम होता. त्यामुळे त्याचं तिच्याकडे बारीक लक्ष असायचं. सोमवारी तो लांबून बघत होता. मंगळवारी खुर्ची थोडी पुढे आणली. बुधवारी गाडी थांबल्या थांबल्या म्हणाला, चार पाय उरले. गुरुवारी काम झाल्यावर जवळ आला, कमरेवर हात ठेवून वाकला, आणि म्हणाला की कालचा पाय नीट गेलेला नाही, या कोनातून दिसतो.

चिकट्याने त्या कोनातून बघितलं. दिसत होता.

त्याने रखवालदाराला विचारलं की खाली लिहिलेलंही वाचता येतं का. रखवालदार म्हणाला, दुसऱ्या मजल्यावरून वाचता येतं. वॉर्डातल्या एका म्हातारबुवांनी काल परिचारिकेला विचारलं की हे नक्की कुणाबद्दल लिहिलंय.

आतून ताई रिकाम्या ट्रेंची चवड घेऊन आली, गाडीत चढली आणि हॉर्न दिला. चिकट्याने हात वर करून पाच मिनिटं मागितली. तिने दोन दिली. त्याने फडकं अंगठ्याभोवती घट्ट गुंडाळलं आणि कालच्या पायाच्या तिसऱ्या काट्याभोवतीचा फिकट रंग पुन्हा घासायला घेतला.